छातीचं विचारल्याशिवाय सुई नाही

कदम सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात सिरिंज होती. सोनपेठला, सरांच्याच दातांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीत एक आजोबा आ वासून बसले होते. "हृदयविकाराचा झटका," एवढंच पलीकडून ऐकू आलं. "बाबा, तोंड मिटा जरा..." असं म्हणून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्याला आता दीड महिना होईल.

दातांची डॉक्टर होऊन मी सरांच्या हाताखाली आले तेव्हा मला फार घाई असायची. दाढ काढायची तर भुलीची सुई द्यायची, त्यात विचारायचं काय? सरांचं उलटं. खुर्चीशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून ते आधी गप्पा मारत. बीपी आहे का, साखर आहे का, मागे सुईनं चक्कर आली होती का, छातीत दुखतं का. 'हो' आलं की हमखास पुढचा प्रश्न, "कवापासून?" आमच्याकडे भुलीच्या दोन बाटल्या असत. एकीत अॅड्रिनलिन मिसळलेलं. बधिरपणा टिकतो, रक्त कमी येतं, पण दुबळ्या हृदयाची धडधड वाढू शकते. दुसरीतलं औषध साधं, लवकर उतरणारं. माझा हात सवयीनं पहिलीकडे जायचा. "पोरी, बाटली मागून. आधी माणसाला तर इचार," सर म्हणायचे.

एकदा ऊसतोडीला निघालेली एक बाई आली. "उद्या गाडी हाय डाक्टर, लय ठणकायलंय. आजच उपटून टाका."

सरांनी छातीचं विचारलं.

"चढ लागला की दाटून येतंय. पर ते काय न्हाई."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

सरांनी सुई खाली ठेवली, ठणक्यावर गोळ्या दिल्या आणि तिला परभणीला छाती दाखवायला धाडलं. तिच्या मुकादमाला स्वतः फोन केला. बाई रागानंच गेली. साध्या औषधावर भागलं नसतं का, असं मी विचारलं तर सर माझ्यावरच उखडले. "भागलं असतं की. दाढ निघाली असती. अन् छातीचं काय?"

यंदा उन्हाळ्यात सरांचीच दाढ दुखायला लागली. मी नेहमीची बाटली उचलली. गुरूला काय विचारायचं? त्यांनी माझं मनगट धरलं. "मला इचारलं न्हाईस तू." मी ओशाळले. स्टुलावर बसून केसपेपर भरायला घेतला. छातीत दुखतं का, म्हणून विचारलं. माझ्याकडे बघत ते म्हणाले, "कधीमधी." मी लगेच साधी बाटली घेतली. सुई देऊन पुरती पाच मिनिटं थांबले, हिरडी बधिरली का ते दोनदा टोचून पाहिलं, मग दाढ अलगद काढली. "कळलंसुदिक न्हाई गं," सर म्हणाले. परीक्षेत पहिली आल्यासारखी मी दिवसभर खूश होते.

परवा कपाट आवरताना तो कागद हाती लागला. माझंच अक्षर. 'छातीत दुखतं, कधीमधी. साधं औषध.' पुढे कोरं. सरांनी सांगितलं होतं, आणि मी ते सुईपुरतंच ऐकलं. 'कवापासून?' असं मी विचारीन म्हणून ते वाट बघत होते का... हे आता कुणाला विचारू? मला फार अपराधी वाटतं.

स्टूल तिथंच आहे. काल एक बाई म्हणाल्या, छातीत कधीतरी चमक येते. "कवापासून?" मी विचारलं. शब्द सरांचाच आला. त्या वैतागल्या. "दाढच काढायची ना? मग ते कशाला?"

मी स्टूल आणखी जवळ ओढलं. "सांगा मावशी," म्हटलं, "मी बसलेय."