ग्रुपवर टाकलं होतं

माणसं एकमेकांशी बोलली तर जगातलं कुठलंच काम अडत नाही, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच उरला असावा, आणि तो नेमका आमच्या कंपनीत यावा हे त्याचं फुटकं नशीब. आमची कंपनी बियाण्यांची. मी गोडाऊनला, म्हणजे गाड्या भरून माल रवाना करायचं काम माझ्याकडं. तो माणूस म्हणजे सगळ्यांचे काका. ते लॅबला, म्हणजे आलेलं बी उगवतंय की नाही ते तपासायचं काम त्यांच्याकडं. मधे एक भिंत आणि एक लिंबाचं झाड. पण लॅब, गोडाऊन, पॅकिंग आणि सेल्स ही चार खाती अशी वागत, की त्यांच्यापेक्षा चार सवती बऱ्या. पॅकिंगला पिशव्या कमी पडल्या की गोडाऊनवाले मनातल्या मनात खूश व्हायचे. मीही व्हायचो, खोटं कशाला बोलू.

काकांना हे बघवायचं नाही. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची वळकटी करून ठेवायची आणि ठरल्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे, एवढंच त्यांचं खरं काम. ते उरकलं की काका फिरतीवर निघायचे. आलेल्या मालाचा एखादा लॉट नापास झाला, तर तेवढं चिठ्ठीवर लिहून पाठवलं असतं तरी भागलं असतं. पण ते स्वतः यायचे, खुर्ची ओढायचे, पाणी मागायचे, माझ्या घरच्या सगळ्यांची खुशाली विचारायचे आणि मग सांगायचे, "बाबा, तो कोपऱ्यातला लॉट नापास हाये, हलवू नको." दारातून वळून पुन्हा एकदा सांगायचे. मग पॅकिंगला जाऊन तेच, सेल्सला जाऊन तेच. एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, कागद पाठवा की सरळ." तर म्हणाले, "कागदाला तू उलटून काई इचारत न्हाईस. मला इचारतोस." त्या दिवशी मी काही म्हणजे काही विचारलं नाही, केवळ त्यांना खोटं पाडायला. हळूहळू गोडाऊनमधे रीतच पडून गेली, की काका सांगायला आले नाहीत म्हणजे लॉट पास.

शनिवारच्या डब्याचं खूळही त्यांचंच. सगळ्यांनी एका सतरंजीवर जेवायचं आणि चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायच्या. एका खात्याची दोन माणसं शेजारी बसता कामा नयेत. पहिल्या शनिवारी अर्धा तास कोणी चकार शब्द काढला नाही. नुसता भाकरी मोडल्याचा आवाज. शेवटी सेल्सचा एक जण पॅकिंगच्या ताईंना म्हणाला, ठेच्यात मीठ जास्त झालंय. झालं. ताईंनी दोन वर्षांचं साचलेलं बाहेर काढलं, ठेचा राहिला बाजूला. भांडण मिटवता मिटवता काका उपाशी राहिले, आणि संध्याकाळी मला म्हणतात कसे, "भांडले म्हणजे बोललेच की. कालपरवापर्यंत तेवढं बी बोलत नव्हते." असल्या माणसापुढं काय कपाळ फोडून घ्यायचं?

मग सेल्सच्या साहेबांनी पुण्याहून एक ट्रेनर आणला, खात्याखात्यांत एकी करायला. त्यानं भर उन्हात दोघादोघांचे पाय बांधून आम्हाला मैदानात पळवलं. काका माझ्या जोडीला. आधी कुठला पाय टाकायचा यावर त्यांनी एवढी सल्लामसलत केली, की बाकीच्या जोड्या पोचून चहा पिऊन मोकळ्या झाल्या. शेवटी ट्रेनरनं सांगितलं, टेबल सोडून फिरण्यात फार वेळ जातो, एक ग्रुप करा आणि काय असेल ते त्यावर टाका. ग्रुप झाला, त्याचं नाव 'एक परिवार'. साहेब काकांकडं बघून म्हणाले, "आता फिरती बंद." मला वाटलं काका हिरमुसतील, तर ते हरखले. "एका टायमाला समद्यांला सांगता येतं म्हणजे भारीच काम हाये," म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी फिरणं बिलकुल सोडलं. लॉट पास झाला, ग्रुपवर. पंखा बंद पडला, ग्रुपवर. बाकीचे सकाळी फुलांची चित्रं टाकत, दुपारी सुविचार, आणि कशाखालीही हात जोडत. कुणाच्या आजोबांच्या निधनाला जोडले तसेच बारशालाही जोडले. हात जोडायला वाचावं लागत नाही.

मृग तोंडावर आला. गाड्यांची नुसती घाई. कपाशीच्या एका लॉटची वळकटी काकांनी उलगडली, तर शंभरात निम्मेही कोंब नव्हते. त्यांनी लॉटचा नंबर घालून ग्रुपवर टाकलं, हा लॉट नापास आहे, हलवू नये. त्याखाली सगळ्यांनी हात जोडले. काका काही सांगायला आले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो लॉट गाडीत भरून भोकरदनकडं लावून दिला.

चार दिवसांनी काका पुन्हा नमुना घ्यायला गोडाऊनमधे आले आणि रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. मी सांगितलं, गेला. "म्या ग्रुपवर टाकलं होतं की," ते एवढंच म्हणाले. मी फोन काढून बघितलं. त्यांच्या निरोपाखाली वरून चौथे हात माझे होते. त्यातलं बरंच बी धावड्याच्या दुकानात उतरलं होतं, आणि धावडा म्हणजे काकांचं गाव. तिथं आमच्या कंपनीचं बी लोक काकांच्या भरवशावर घेतात.

मी गाडी काढली. काका शेजारी बसले. गावात ते घरोघर गेले. प्रत्येक ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि सांगितलं, आमचं चुकलं, हे बी पेरू नका. पाऊस नव्हता म्हणून बहुतेकांच्या पिशव्या न फोडलेल्या होत्या. लोकांनी त्या आणून दिल्या. पावसाआधीची धूळपेरणी फक्त एकाच माणसानं उरकली होती, काकांच्या थोरल्या भावानं. तो म्हणाला, "तुझ्या कंपनीचं म्हणून मी डोळे झाकून पेरलं." आणि आत निघून गेला.

पाऊस झाला. त्या वावरात एकाआड एक जागा रिकामीच दिसायला लागली. रविवारी मी आणि काका नांगे भरायला गेलो, म्हणजे जिथं उगवलं नाही तिथं पुन्हा दाणे टोबायला. वाकून वाकून माझी कंबर गेली, पण मला टोचत होतं ते दुसरंच. शेवटी बोललो, "काका, मी न वाचता हात जोडले."

"ठाव हाये." ते बोटानं भोक पाडून दाणे टाकत राहिले. "भावाचा फोन आल्ता मला, पेरायच्या आदल्या दिवशी. मी कोंब मोजून राह्यलो होतो. मंग लावतो म्हणलं, न् कट केला. मंग न्हाईच लावला." माती सारून म्हणाले, "तुमचं बी आलंय, पेरू का, एवढंच इचारायचं होतं त्याला, वहिनी म्हणली."

मला रडू आलं. पलीकडच्या ओळीला त्यांचा भाऊ तेच काम करत होता. दोघं दिवसभर एका वावरात राबले, पण एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दिवस मावळता आम्ही निघालो तेव्हा भावानं घरातून रायवळ आंब्यांची पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली. "त्याला दे," म्हणाला. "गोड हायेत म्हणावं."

काका चार पावलांवर उभे होते. मी पिशवी घेऊन तेवढं अंतर चालत गेलो आणि त्यांना सांगितलं.