रकान्यात न मावलेलं वाक्य

आमच्या कारखान्यात कंटेनरला सील लावायचं काम एकोणीस वर्षं एकाच माणसाने केलं. सगळे त्यांना सीलवाले चाचा म्हणत. बुटका बांधा, रुंद पंजे आणि कानामागे खडूचा तुकडा. तो खडू ते कशासाठी बाळगत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण वापरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आम्ही इस्पितळांसाठी चादरी, टॉवेल आणि गाऊन बनवतो. माल जवळजवळ सगळा परदेशी जातो. कंटेनर भरला की दारं मिटायची, अडसर खाली ओढायचा आणि त्यात करंगळीएवढ्या जाडीची लोखंडी खीळ दाबून बसवायची. तिलाच सील म्हणतात. एकदा बसलं की ते कापूनच काढावं लागतं. प्रत्येक सीलवर एक आकडा असतो. तो इथून लिहून पाठवायचा आणि तिकडे माल पोचल्यावर ताडून पाहायचा. जुळला नाही तर सगळा माल संशयात.

सील बसलं की चाचा ते तीनदा हिसडून बघत. मग आकडा मोठ्याने आधी सुलट वाचत, नंतर उलट. मी शेजारी रजिस्टर घेऊन उभा असे. "सुलट वाचताना डोळा आपल्याला हवं ते वाचतो," ते म्हणत, "उलट वाचताना त्याला लबाडी जमत नाही." एकोणीस वर्षांत एकही आकडा चुकला नाही.

मी माल रवानगी विभागाचा प्रमुख. शिक्षण वाणिज्य शाखेचं. आमचे एक प्राध्यापक सांगत की रिकामा रकाना म्हणजे उघडं दार, तुम्ही भरला नाहीत तर दुसरा कोणीतरी भरेल. ते माझ्या अंगात इतकं मुरलं की लिहिण्यासारखं काही नसेल तिथे मी 'निरंक' लिहितो, पण रकाना मोकळा सोडत नाही. चाचांनी त्यावरून माझं नाव रकानेसाहेब पाडलं होतं.

"रकानेसाहेब, तुमच्या लग्नाच्या अर्जात एक जागा कोरी राहिली असती तर तुम्ही लग्नालाच नाही म्हणाला असता."

"आणि तुम्ही बायकोचं नाव उलट वाचून बघितलं असतंत."

"बघितलं की! उलटसुलट एकच आहे. भांडणसुद्धा दोन्हीकडून सारखंच."

वर्षातून एकदा खरेदीदार कंपनीचा एक तपासनीस यायचा. उंच, उन्हाने लालबुंद झालेला, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव लालबुवा. पहिल्याच भेटीत चाचांचं उलट वाचणं पाहून तो थांबला. दुभाष्याकडून कारण विचारून घेतलं, स्वतः वाचून पाहिलं, चुकला आणि खो खो हसला. पुढच्या वर्षी येऊन म्हणाला की आता आमच्या गोदामातही असंच वाचतात. त्याने आपल्या दोन मुलींचा फोटो चाचांना दिला. चाचांनी तो सीलच्या पेटीच्या वर भिंतीला लावला. नवीन कोणी आलं की सांगायचे, "या पोरींचा बाप माझा शागीर्द आहे."

मग लालबुवाच्या शहरात रेल्वे स्टेशनवर स्फोट झाला. ज्यांनी केला त्यांनी धर्माचं नाव घेतलं, चाचांच्या धर्माचं. दुसऱ्या दिवशी चाचा वर्तमानपत्र हातात घेऊनच माझ्या टेबलाशी आले.

"लालबुवांचं गाव हेच ना हो?"

"हेच."

"विचारा ना. माणूस बरा आहे का, पोरी बऱ्या आहेत का."

मी विचारलं. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आम्ही सुखरूप आहोत, बायकोचा भाऊ गेला. मी ते चाचांना वाचून दाखवलं. ते पेटीवर बसून राहिले. त्या आठवड्यात एकदा सहज म्हणाले, "दुपारी त्या मेहुण्यासाठीही मागतो हो मी. नाव ठाऊक नाही, पण वरच्याला ठाऊक असेल."

दुपारी म्हणजे दीड वाजता. सीलच्या पेटीला कुलूप लावून, किल्ली माझ्या टेबलावर ठेवून ते मागच्या खोलीत नमाजाला जात. वीस मिनिटांत परत.

महिन्याभरात खरेदीदार कंपनीकडून एक फॉर्म आला. तो एका नव्या सुरक्षा विभागाचा होता, लालबुवाचा त्याच्याशी संबंध नव्हता. भरलेल्या कंटेनरशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो अशांची यादी. नाव, सेवेची वर्षं, काम, राहण्याचं ठिकाण आणि शेवटी एक अरुंद रकाना: इतर निरीक्षणे. आमच्याकडे अशी अकरा माणसं होती. त्यात एक मी.

मी फॉर्म नेहमीसारखाच भरला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. फोर्कलिफ्टवाला कंटेनरच्या मागे जाऊन बाटली तोंडाला लावायचा, सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यापुढे मी लिहिलं, निरंक. मी स्वतः रोज अर्धा तास घरी फोन करायला जायचो. माझ्यापुढे निरंक. चाचांच्या ओळीशी आलो आणि माझं पेन थांबलं. मग मी लिहिलं, "रोज दुपारी दीड वाजता प्रार्थनेसाठी वीस मिनिटे जागा सोडतात." पुढचं वाक्य डोक्यात तयार होतं, की त्या वेळी पेटी कुलूपबंद असून किल्ली माझ्याकडे असते. पण रकाना संपला होता. कागदावर खाडाखोड मला सहन होत नाही. मी तसाच खालच्या ओळीवर गेलो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पुढील आढावा होईपर्यंत या व्यक्तीने सीलला हात लावू नये. कारण विचारलं नव्हतं, खुलासा मागितला नव्हता. व्यवस्थापकांनी चाचांना बोलावलं. मीही तिथेच होतो.

"तुमचं काही चुकलेलं नाही," व्यवस्थापक म्हणाले. "पगार तोच राहील. फक्त काम बदलेल. घडीच्या गोदामात बसा. तिकडच्या लोकांचं असं म्हणणं आहे, नमाजाच्या वेळी जागा मोकळी राहते."

चाचा त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळले.

"रकानेसाहेब, यांना तिकडे बसून कसं कळलं मी नमाज पढतो ते?"

मी म्हणालो, "त्यांच्याकडे सगळी माहिती असते, चाचा."

फॉर्ममधल्या ओळीला एक वेळ मी सवय म्हणेन. या वाक्याला काय म्हणू? ते मी पूर्ण शुद्धीत, त्यांच्या डोळ्यात बघून बोललो.

बाहेर आल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. "तुमच्या फाइलीत टाका. शागिर्दाने मास्तराला चांगलं उत्तर दिलं."

पुढची तीन वर्षं ते चादरींच्या घड्या मोजत बसले. तपासणीला लालबुवाऐवजी दुसराच कोणी यायला लागला होता. नवा सीलवाला आकडा फक्त सुलट वाचायचा. मी रजिस्टर घेऊन उभा असायचो, उलट वाच असं त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही. जेवणाच्या सुट्टीत चाचा भेटले की बोलायचे, हसायचेही. पण तिकडच्या लोकांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा बदलायचा. "त्यांना आपण माणसं दिसत नाही हो. मेहुण्यासाठी रडलो मी, आणि त्यांनी काय बघितलं? दीड वाजता हा कुठे जातो!" मी मान डोलवायचो.

निवृत्तीनंतर वर्षभराने त्यांनी मुलीच्या लग्नाला मला बोलावलं. जेवायला चाचांचा पुतण्या माझ्या शेजारी होता. तिशीचा, चाचांच्या घराखालीच त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. टेबलावरच्या मंडळींना तो चाचांची गोष्ट सांगत होता, आणि ती त्याने बऱ्याचदा सांगितलेली असावी, कारण कुठे थांबायचं ते त्याला पाठ होतं.

"एकोणीस वर्षं! एक आकडा चुकला नाही. आणि एका दिवसात हाकलला. का? तर देवाचं नाव घेतो म्हणून. हेर ठेवलेत त्यांनी आपल्यावर, हेर! आणि मग विचारतात, तुमची पोरं का बिघडतात?"

"खरं की नाही, विचार साहेबांना," पलीकडचा म्हणाला. "ते तिथेच होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घास गिळला आणि म्हणालो, "खरं आहे. एकही आकडा चुकला नाही."

त्याच टेबलावर एक शांत मुलगा बसला होता, गल्लीतल्या दवाखान्यातला कंपाउंडर. तो फक्त ऐकत होता. यंदा तो घरात कोणाला न सांगता निघून गेला. कसल्या लोकांना जाऊन मिळाला ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, मोठ्याने कोणी म्हणत नाही. एका गोष्टीने कोणी घर सोडत नाही, इतकं मलाही कळतं. तशा दहा गोष्टी तो ऐकत असेल आणि त्यातल्या काही खऱ्याही असतील. पण त्या ढिगात माझी एक काडी होती, आणि ती तिकडच्या लोकांच्या नावावर जमा झाली होती.

निवृत्तीला दोन महिने राहिलेत. फॉर्मची कार्यालयीन प्रत आणि फोटो घेऊन मी एका रविवारी दुपारी चाचांकडे गेलो. ते टेबल पंख्याची जाळी पुसत होते.

"या या, रकानेसाहेब! अहो ऐकलंत का, चहा टाका, पाहुणे आलेत."

मी कागद त्यांच्या हातात दिला. "चाचा, ती ओळ मी लिहिली होती."

त्यांनी चष्मा लावला. बोट वरून खाली फिरवत ते अकरा ओळी वाचत गेले. मग खालून वर.

"फोर्कलिफ्टवाला निरंक?"

"हो."

"तो तर दिवसाढवळ्या प्यायचा."

"हो."

"तुम्हीही निरंक. मग माझ्यापुढेच का हो?"

उत्तर मला ठाऊक होतं. त्या दिवसांत वर्तमानपत्रं वाचून माझ्याही मनात एक अढी बसली होती. जी व्यक्ती माझ्या टेबलावर किल्ली ठेवून जायची, तिच्याबद्दल. मी ते जसंच्या तसं सांगितलं. मग, सवयीने, म्हणालो, "पेटीला कुलूप असतं हेही लिहिणार होतो. रकान्यात मावलं नाही."

चाचांनी कागद उलटा केला. मागची बाजू पूर्ण कोरी होती. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

चहा आला. तो निवत होता.

"सहा वर्षं मी त्या लालबुवाला शिव्या घातल्या," ते शेवटी म्हणाले. "त्याच्या मेहुण्यासाठी मागणं बंद केलं. मेलेल्या माणसाचं काय चुकलं होतं?"

मग उठून त्यांनी जिन्यातून पुतण्याला हाक मारली. तो हात पुसत वर आला. "मला जे सांगितलंत ते याला सांगा."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. पुतण्याने हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे हेर तुम्हीच होतात काका."

"हो."

"पण काढलं तर त्यांनीच ना? एका शब्दाने विचारलंही नाही."

"नाही विचारलं," मी म्हणालो.

"तेही सांगत जा," चाचा त्याला म्हणाले. "पण आधी हे सांग. गोष्ट सांगायची तर सगळी सांग."

"कोणाला सांगू?" पुतण्याचा आवाज चढला. "ज्याने ऐकायला हवं होतं तो गेला, चाचा."

तो खाली निघून गेला. मी फोटो काढून टेबलावर ठेवला. चाचांनी तो उचलला नाही, पण बघत होते.

"आता मोठ्या झाल्या असतील पोरी," ते म्हणाले. "त्याचा पत्ता आहे?"

"जुना आहे."

"मग लिहा त्याला. तुम्ही काय केलंत, मी काय काय बोललो, सगळं. दोन्ही बाजूंनी लिहा."

तिथेच बसून मी मराठीत लिहिलं, भाषांतर नंतर करायचं होतं. त्यांनी ते वाचलं, एक शब्द बदलायला लावला: मी 'गैरसमज' लिहिला होता, त्यांनी 'खोटं' लिहायला सांगितलं. जाताना ते दारापर्यंत आले.

"जिना अंधारा आहे. सांभाळून उतरा, साहेब."

पंचवीस वर्षांत त्यांनी मला नुसतं साहेब कधी म्हटलं नव्हतं. पत्र टाकून पाच आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही.