केराबाईचं इंग्रजी

केराबाईचा मुलगा गुंडा सोलापुरातली गिरणी सोडून विलायतेतल्या गिरणीत लागला आणि तिथलीच बायको करून राहिला. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत तो पहिल्यांदाच बायकोलेकीला घेऊन येणार होता. लेकीचं नाव सूझन. तिला मराठी येत नव्हतं.

भवानी पेठेत केराबाईच्या शेजारी चिलवेरीबाई राहायच्या. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या.

"बाई, नातीशी बोलण्यापुरतं शिकवा की," केराबाई म्हणाली. मग विड्या वळताना ती घोकू लागली, "कम. सिट. ईट."

सूझन आली ती आईमागं लपली. केराबाईनं हात पसरले. "कम." पोरगी हळूच येऊन मांडीवर बसली आणि आठवडाभर आजीला चिकटून राहिली.

निघताना स्टेशनवर ती आजीच्या गळ्यात पडून कितीतरी वेळ काहीबाही सांगत होती. गुंडा सामान चढवत होता, त्याला विचारायचं राहूनच गेलं. पुन्हा कधी येणार, तेही तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी केराबाई परत बाईंच्या दारात उभी.

"आता कशाला, आजी? नात तर गेली."

"बोलायचं शिकले, बाई. पण पोरगी लई काय काय सांगून गेली, ते कळलंच न्हाय. आता ऐकायचं शिकवा."