तात्यांची पेटी आणि युरोपातले बारा गुण

आमच्या घरातली पेटी युरोपमुळे गेली.

पेटी तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पन्नास वर्षं वाजवली, आता बोटं वळत नाहीत. यंदा भाऊबीजेला आम्ही चारही भावंडं नाशिकला माझ्याकडे जमलो, तेव्हा ते म्हणाले, "ज्याच्या घरात गाणं आहे, त्याने ही न्यावी. आजच ठरवून टाका."

खरं तर ठरवायचं काय होतं? माझी मुक्ता नववीत आहे, गाणं शिकते आणि बिचारी मोबाईलमधल्या पेटीवर रियाज करते. तात्यांची नजरही तिच्यावरच होती. मी गप्प बसलो असतो तर पेटी जागची हलली नसती! पण आदल्याच आठवड्यात मी युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेवर एक लेख वाचला होता. (मी काही वाचलं की घरातले सगळे स्वयंपाकघरात पळतात. त्या दिवशी तिथे अनारसे चालू होते, जागा नव्हती.)

"आपण युरोपसारखी स्पर्धा घेऊ!" मी उभा राहिलो. "प्रत्येक घर म्हणजे एक देश. घरटी एक गाणं. मग प्रत्येक घराने चिठ्ठीवर एकाच घराचं नाव लिहायचं, त्याला बारा गुण. फक्त स्वतःच्या घराला द्यायचे नाहीत!"

"अहो, कशाला?" शुभांगी, माझी बायको, कुजबुजली. "मिळतेय ना आपल्याला?"

"न्यायाने मिळू दे!"

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी रंगात आलो. तिकडे शेजारी देश एकमेकांनाच कसे गुण वाटतात, ते सांगितलं. एका देशाला गाणं मागे घ्यावं लागलं, कारण त्यात शेजारच्या पुढाऱ्याला चिमटा होता, ते सांगितलं. एक गाणं स्पर्धेत तळाला गेलं, पण पुढे रेडिओवर तेच वाजलं ती सैन्याला सरकार उलथवायची खूण होती, हेही सांगितलं! कोणाकोणाला तर सगळे मिळून चक्क शून्य देतात!

"म्हणजे गुण गाण्याला मिळतच नाहीत?" त्र्यंबकला राहणाऱ्या माझ्या थोरल्या दादाने विचारलं.

"छे! सगळं राजकारण!"

दादा चिवडा चावायचा थांबला. कळवणच्या अवीने, माझ्या धाकट्या भावाने, बायकोकडे पाहिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दादाने भजन म्हटलं, बरं झालं. अवीच्या बायकोने भावगीत म्हटलं, त्याहून बरं झालं. मुक्ताने भूप गायला आणि तात्यांनी डोळे पुसले. शेवटी सायखेड्याचे दाजी, ताईचे यजमान. शेतकरी माणूस, मनाने सोनं, गळ्याने ट्रॅक्टर! त्यांनी देशभक्तीचं गाणं घेतलं. तीन कडव्यांना चार चाली लागल्या, त्यातली एकही त्या गाण्याची नव्हती. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली, आणि ती पाडव्याचे फटाके सोसून बसलेली होती!

मी चिठ्ठी घेऊन डोकं चालवलं. दादाला बारा दिले तर दादा पुढे जाईल. अवीला दिले तर अवी. मग जो या जन्मात जिंकणार नाही, त्यालाच द्यावेत! स्वतःच्या मुत्सद्देगिरीवर बेहद्द खूश होऊन मी लिहिलं: सायखेडा.

तात्यांनी चिठ्ठ्या उघडल्या.

"सायखेडा, बारा." (माझी.)

"सायखेडा, बारा." मी दादाकडे पाहिलं. दादा पंख्याकडे पाहत होता.

"सायखेडा, बारा." अवी चप्पल शोधायला लागला.

"मुक्ता, बारा."

"ती माझी!" दाजी ओरडले. "पोरगी काय गायली राव!"

घरातलं एकमेव प्रामाणिक मत, आणि ते दाजींचं!

"तात्या, पुन्हा मतदान घेऊ," मी केविलवाणा झालो.

"नियम कोणाचे?"

"माझेच."

"मग बस खाली."

दाजींचे डोळे भरून आले होते. "मला लय वाटायचं, माझ्या गाण्याला सगळी हसत्यात. तुमची ताई तर मला बांधावर जाऊन गा म्हणते. अन् आज तीन-तीन घरं!" आता या माणसाला खरं कोण सांगणार? मुक्ताने स्वतः पेटी उचलून त्यांच्या गाडीत ठेवली. माझ्याकडे न बघता.

आता दाजी दर रविवारी पेटी घेऊन सायखेड्याहून येतात, तात्यांना गाणं ऐकवायला. तात्या कानातलं यंत्र काढून खिशात टाकतात. (मला तीही सोय नाही.) परवा धीर करून मी म्हणालो, "दाजी, पेटी मुक्तासाठी इथेच ठेवली तर?"

"ठेवली असती रे सुधीर. पण ज्यांनी मतं दिली त्यांचा अपमान नाय का होणार? ही बघ!"

त्यांनी पेटीचं झाकण माझ्यापुढे धरलं. आत डिंकाने एक चिठ्ठी चिकटवली होती: सायखेडा. (माझीच.)

"अक्षर कोणाचं ते वळखू येत नाय," दाजी गहिवरले, "पण मनाचा राजा माणूस हाय!"

मुक्ता पाणी घेऊन आली होती. तिने वाकून चिठ्ठी पाहिली, मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, शून्य गुण कोणाला देतात म्हणालात?"