आप्पांना खाली घ्यायचं होतं

"बापाला मारायची एवढी घाई झाली का?"

डॉक्टर हे हळू बोलले असते तरी मला लागलंच असतं. ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले. जालन्यातल्या त्या दवाखान्यात आजूबाजूचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, सगळे माझ्याकडं बघायला लागले. लेकीनं बापाचा जीव मागितला म्हणून.

मी जीव मागितला नव्हता. आप्पांचा अन्ननलिकेचा कॅन्सर सगळीकडं पसरला होता. आता काही इलाज नाही, हे याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी एवढंच म्हणाले, "साहेब, नळ्या काढा. गावाकडं नेऊ द्या. त्यांना खाली घ्यायचंय."

आमच्याकडं माणूस जायला लागला की त्याला बाजेवरून उतरवून जमिनीवर घेतात. घोंगडी टाकतात, तोंडात पाणी घालतात, सगळे जवळ बसतात. आप्पांनी स्वतःच्या आईला असंच खाली घेतलं होतं. आपली वेळ आली हे त्यांना कळलं, म्हणून त्याच दिवशी सकाळी ते स्वतःच खाटेवरून फरशीवर उतरले. सिस्टरला वाटलं, म्हातारा भ्रमात आहे. तिनं त्यांना उचलून वर निजवलं आणि दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले.

आप्पा मला म्हणाले, "माय, म्या काय चोरी केली का?"

मी तोंडात पदर कोंबला.

डॉक्टरांचं चालूच होतं. "तुम्हा खेड्यातल्या लोकांना काही कळत नाही. याला इच्छामरण म्हणतात. पोलीस केस होईल." पोलिसांचं नाव ऐकून मी परत आप्पांच्या खाटेशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या स्पेशल रूमचं दार उघडं होतं. तिथं एका वकिलांची आई होती. तिचाही आजार शेवटाला आलेला. तेच डॉक्टर खुर्ची ओढून बसले होते. "आईंना घरी न्या. उगाच नळ्या लावून हाल कशाला? शांतपणे, सन्मानानं जाऊ द्या." आवाज इतका मऊ, की मला आधी ओळखूच आला नाही.

टीव्हीवर शहाणी माणसं वाद घालतात, सन्मानानं मरू द्यायचा कायदा असावा की नसावा. त्या खोलीत तो कायदा कधीच झाला होता. आमच्या खाटेपर्यंत तेवढा पोचला नव्हता.

मी उठले. आप्पांचे हात सोडले. सिस्टर ओरडली, डॉक्टर आले. मी म्हणाले, "मंग बोलवा पोलिसाला. त्याच्यापुढं बी हेच सांगते. आता मी बिलकुल थांबणार न्हाई."

कोणी पोलीस बोलावला नाही.

गाडी केली. आप्पांचं डोकं माझ्या मांडीवर. शहागडच्या अलीकडं त्यांनी डोळे उघडले. "आलं का गाव?"

"आलंच, आप्पा."

आलं नव्हतं. वाटेतच त्यांचा श्वास थांबला. घरी भावजयीनं भुई सारवून ठेवली होती. आम्ही मेलेल्या माणसाला खाली घेतलं. एक दिवस आधी निघालो असतो तर आप्पांना घर दिसलं असतं. तो दिवस त्या डॉक्टरनं खाल्ला.

कायदा कसा असावा, मला माहीत नाही. जगायची इच्छा असलेल्या म्हाताऱ्यालाही उद्या कोणी 'सन्मानानं जा' म्हणेल, ही भीती मलाही वाटते. तसं म्हणणाऱ्यालाही मी आडवी जाईन. आता आई थकली आहे. तिला काय हवं, ते तिनं भावांसमोर, शुद्धीत, स्पष्ट सांगितलंय. तिची वेळ आली की मी कुठल्याही साहेबाला विचारणार नाही. सांगणार.