शुक्रवारवाले

कमळ म्हात्रे मॅडम खारबावच्या. आमच्या कॉलेजात मराठी शिकवतात, शिकल्याही इथेच. तेव्हा हे कॉलेज म्हणजे लूमच्या कारखान्यांमधल्या चार खोल्या. शेजारच्या खडखडाटावर ओरडून सर कविता शिकवायचे.

आमच्या भागातले लूम शुक्रवारी बंद. त्यामुळे लूमवर राबणारी पोरं, हिंदू काय नि मुसलमान काय, त्याच दिवशी मोकळी. कुणी घरून यायचा, कुणी नमाज आटोपून, टोपी खिशात कोंबून थेट वर्गात. शुक्रवारी दुपारी बाकं पुरायची नाहीत. आम्हाला शुक्रवारवाले म्हणायचे. होय, आज इथेच कारकून असलो तरी मीही त्यातलाच, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पुढे नवी इमारत झाली, नवे प्राचार्य आले. मुसलमान मुलांची नमाज असते म्हणून त्यांनी शुक्रवारी दुपारी कॉलेज बंद करून ते तास शनिवारी ठेवले. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! माणूस वाईट नव्हता, हाच वैताग. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मॅडम सांगून थकल्या की मुलं नमाजनंतरच येतात. ते शांतपणे म्हणत, मुलांच्या भावना जपायला नकोत का?

शेलार गावचा अरशद दिवसपाळीला लूम चालवायचा. शनिवारचे तास बुडून हजेरी कमी भरली म्हणून त्याला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसू दिलं नाही. चांगलं लिहायचा. मॅडमनी त्याच्यासाठी प्राचार्यांच्या दाराचा उंबरठा झिजवला. वर्ष वाया गेलं, तेव्हा कुठे यंदा शुक्रवारची दुपार पुन्हा उघडली.

हे सांगायला त्या स्वतः अरशदच्या कारखान्यावर गेल्या. मीच स्कूटरवर नेलं. चहाच्या सुट्टीत तो बाहेर आला आणि सगळं ऐकून ओशाळून हसला.

"मॅडम, शुक्रवार अब खाली नाय. राहनाळच्या गोडाऊनला ड्युटी लावून घेतली. कॉलेज तर बंदच होतं ना."

मॅडम चिडल्या की खारबावच्या होतात. "आता उघडलाय ना, मेल्या? येनार हायस का न्हाय?"

तो काहीतरी बोलला, पण तेवढ्यात लूम सुरू झाले. तो आत गेला. बाकीच्या पोरांचंही तेच झालं होतं, कुणी गोडाऊनला, कुणी रिक्षावर. मला प्राचार्यांचा राग आला, अरशदचा आला, आणि कुणाचाच धड करता येईना.

शुक्रवारी दुपारी मॅडम वर्गात गेल्या. बाकं पुरून उरली.