दमट हवेतले आकडे

"हात टेबलाखाली घे गं. पाहुणे चहा पितायत."

साहेब हसत म्हणाले. सगळे हसले. मी हात खाली घेतले.

अंधेरी एमआयडीसीतली टेस्टिंग लॅब. मी तिथली टेक्निशियन. बोटांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पूड, साबणानेही न जाणारी. हिचे अणूंएवढे पातळ थर एकमेकांवरून घसरतात. तेल नको, ग्रीस नको. घर्षण कमी, झीज कमी. पाहुणे मासेमारीच्या बोटींवरचे विंच बनवायचे, जाळं ओढायची यंत्रं. त्यांच्या बेअरिंगला हा लेप लावायचा होता.

चाचणी माझी. लेप दिलेली चकती फिरवायची, तिच्यावर पोलादी गोळी दाबून धरायची, घर्षण मोजायचं. कोरड्या हवेत झकास. हवा दमट केली की घर्षण चढायचं, लेप खरवडून निघायचा. तीनदा केली. तीनदा तेच.

आदल्या आठवड्यात साहेबांना सांगायला गेले होते. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुमच्या लोकांना सीट मिळते सवलतीत. डोकं नाही मिळत. जा, मशीन पूस."

मी पुसली. कांजूरला घरी गेले, आईला काही बोलले नाही. असं बोलले साहेब, आणि लाज मला. का?

पाहुणे गेले. साहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. त्यात फक्त कोरड्या हवेतले आकडे.

"सही कर."

"सर, बोटी समुद्रात जातात."

"सही कर म्हटलं ना."

भर समुद्रात विंच अडकला, दोर तुटून उसळला, तर समोर कोण असेल? साहेब नसतील. ज्याला कुणी काही विचारत नाही, असा कुणीतरी असेल.

मी रिपोर्टवर हाताने लिहिलं: दमट हवेत लेप टिकत नाही, तीन चाचण्या. खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

"जास्त शहाणी झालीस काय?"

"हो."

त्यांच्यासमोरच रिपोर्टचा फोटो काढला आणि पाहुण्यांना मेल केला.

पाहुण्यांनी काम थांबवलं. साहेबांनी मला लॅबमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. दिवसभर खोक्यांना लेबलं लावते. हात शिवशिवतात. झोप लागत नाही.

बदलीचं कारण लेखी मागितलंय. सीटचं आणि डोक्याचं ते वाक्य तक्रारीत जसंच्या तसं लिहिलंय. उत्तर आलेलं नाही. मी राजीनामा देणार नाही. रोज सकाळी एचआरच्या दारात उभी राहीन आणि विचारीन.